आकार म्हणजे वाढ नव्हे

गुलाबी प्लास्टिकची फाइल, कोपरे झिजलेले. आत सोनोग्राफीचे चार रिपोर्ट. पहिला आठव्या आठवड्याचा, त्यात बाळंतपणाची तारीख १४ मार्च. दुसरा विसाव्या आठवड्याच्या सुमाराचा, तारीख १६ मार्च. तिसऱ्यात २५ मार्च. चौथा, ही गरोदर मुलगी माझ्याकडे आली त्याच दिवशी, १४ फेब्रुवारीला सकाळी काढलेला, त्यात ६ एप्रिल. चौथ्याच्या तळाशी ठळक अक्षरांत निष्कर्ष होता : गर्भ ३२ आठवडे ५ दिवसांचा, अंदाजे वजन २ किलो ४० ग्रॅम, वाढ वयानुरूप नॉर्मल.

बरोबर आलेल्या सासूबाई निर्धास्त होत्या. “मॅडम, तारीख पुढं गेलीय. अजून दीड महिना आहे. पण नर्सताई ऐकंना, पोट लहान दिसतंय म्हणती, परत दाखवून या म्हणाली.” उपकेंद्रातल्या नर्सताईंनी शिलाईच्या टेपने पोट मोजले होते आणि कार्डावर ३१ सेंटिमीटर लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या होत्या.

मी चौथा रिपोर्ट बाजूला ठेवला आणि पहिला वर घेतला. आठव्या आठवड्यातली तारीख धरली तर त्या दिवशी तिला बरोबर ३६ आठवडे पूर्ण होत होते. छत्तिसाव्या आठवड्याला २ किलो ४० ग्रॅम म्हणजे आमच्या यंत्रांत असलेल्या हॅडलॉकच्या तक्त्यात तिसऱ्या पर्सेंटाइलच्याही खाली, म्हणजे शंभरातल्या सर्वांत लहान तिघांत. तेच वजन ३२ आठवडे ५ दिवसांना लावले की अगदी मधोमध. चार रिपोर्टांत तारीख २३ दिवस पुढे गेली होती. खरे पाहता तारीख जागेवरच होती. बाळ मागे पडत होते आणि प्रत्येक यंत्राने त्याची नोंद तारीख ढकलून केली होती. नाळेच्या रक्तवाहिनीचा डॉपलर केला तर प्रवाहाला होणारा विरोध वाढलेला निघाला. तिला त्याच दुपारी जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवले. चार दिवसांनी बाळ झाले, १ किलो ९६० ग्रॅमचे. आठ दिवस पेटीत राहून घरी गेले.

गेली बावीस वर्षे मी हेच काम करते आहे. सोनोग्राफीवर माझे पोट आहे आणि माझी श्रद्धाही आहे. म्हणूनच या विद्येच्या नावावर खपणाऱ्या एका मताचे खंडन करणे मला माझे काम वाटते.

ते मत असे. यंत्र बाळाचे डोके, पोट आणि मांडीचे हाड मोजते. ते आकडे तक्त्याशी ताडले की बाळ किती आठवड्यांचे आहे ते समजते, वजन समजते आणि वाढ नॉर्मल आहे की नाही याचा निकाल लागतो. आकडा यंत्राने काढलेला, त्यात माणसाची लहर नाही, तेव्हा तोच प्रमाण. हे मत फक्त सासूबाईंचे असते तर एवढे लिहिण्याची गरज नव्हती. रिपोर्ट लिहिणारे आम्ही, तो वाचून सिझरची तारीख ठरवणारे डॉक्टर आणि यंत्र विकणारे, सगळेच कमीअधिक याच मतावर चालतो. छापील रिपोर्टाचा साचाच तसा आहे : प्रत्येक मापापुढे आठवडे-दिवस, खाली सरासरी वय, त्याखाली नवी तारीख.

पूर्वपक्षाचे बळ आधी मान्य करते. ग्लासगोच्या इयन डोनल्ड यांनी बॉयलरच्या कारखान्यात धातूमधले दोष शोधणारे ध्वनिलहरींचे यंत्र स्त्रियांच्या पोटावर लावून पाहिले आणि १९५८ मध्ये जॉन मॅकव्हिकर व टॉम ब्राउन यांच्यासह ‘लॅन्सेट’मध्ये लेख लिहिला. त्याआधी पोटातले बाळ ही हाताने चाचपायची वस्तू होती. पुढे स्टुअर्ट कॅम्बेल यांनी डोक्याचे माप आठवड्यामागून आठवडे घेण्याची पद्धत बसवली. १९७३ मध्ये ह्यू रॉबिन्सन यांनी पहिल्या तीन महिन्यांतल्या गर्भाची डोक्यापासून बुडापर्यंतची लांबी मोजून वय सांगता येते हे दाखवले. पाळीची तारीख आठवत नसलेल्या, पाळी अनियमित असलेल्या, अंगावर पाजत असतानाच दिवस गेलेल्या लाखो बायकांना या एका मापाने खरी तारीख मिळाली. हे उपकार कोणी नाकारू नयेत.

पण रॉबिन्सन यांचे माप खरे का ठरते, ते पाहा. पहिल्या बारा आठवड्यांत निरोगी गर्भ जवळजवळ एकाच चालीने वाढतात. आई उंच असो की ठेंगणी, खाऊनपिऊन सुखी असो की अर्धपोटी, आठव्या आठवड्याचा गर्भ सगळीकडे सारखाच दिसतो. म्हणून लांबीवरून वय सांगितले तर चूक पाच-सात दिवसांपलीकडे जात नाही. पुढे प्रत्येक बाळ आपापली वाट धरते. कोणी आईबापांवर जाऊन ठेंगणे राहते, कोणाची वार नीट काम करत नाही म्हणून खुरटते, कोणी आईच्या साखरेमुळे फुगते. शेवटच्या तीन महिन्यांत मापावरून वय काढले तर तीन-तीन आठवड्यांची चूक सहज पडते. सुरुवातीला आकारावरून वय काढता येते, कारण तेव्हा आकारांत भेद नसतो. शेवटी भेद असतो, आणि तो भेदच तर आपल्याला पाहायचा असतो.

आपल्या नैयायिकांनी ज्याला अन्योन्याश्रय म्हटले तो दोष इथे उघडा पडतो. बाळाची मापे घेतली, त्यांवरून वय काढले. मग त्या वयाला अशी मापे असतात का, असे विचारले. असतातच, कारण वय त्याच मापांतून काढलेले! या रीतीने पोटातले कोणतेही बाळ खुरटलेले ठरूच शकत नाही. ज्या परीक्षेत नापास होण्याची सोयच नाही, तिच्यात पास झाल्याचे समाधान कसले? वय बाहेरून, म्हणजे पहिल्या सोनोग्राफीतून किंवा खात्रीच्या पाळीच्या तारखेवरून यायला हवे, आणि एकदा ठरले की पुढच्या कोणत्याही मापाने ते हलता कामा नये. जगभरच्या प्रसूतिशास्त्राच्या मार्गदर्शक सूचना हेच सांगतात. आमचे रिपोर्ट मात्र दर वेळी नवी तारीख छापत राहतात. यंत्रात ती सोय आहे, एवढेच त्याचे कारण.

आता वजनाकडे येते. बाळ पोटात असताना त्याला तराजूवर घालता येत नाही. ‘अंदाजे वजन’ म्हणून जे लिहून येते ते एका सूत्राचे उत्तर असते. टेक्सासमधल्या ह्यूस्टनचे फ्रँक हॅडलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये डोक्याचा घेर, पोटाचा घेर आणि मांडीचे हाड या तिन्हींचे सूत्र मांडले. तेच आजही बहुतेक यंत्रांत आधीपासून बसवलेले असते. सूत्र चांगले आहे, चाळीस वर्षे टिकले ते उगाच नाही. पण त्याच्यात किती लवचीकपणा आहे ते एक गणित करून पाहावे. डोक्याचा घेर ३२ सेंटिमीटर, मांडीचे हाड ६.८ सेंटिमीटर, पोटाचा घेर ३० सेंटिमीटर : उत्तर सुमारे २,४६५ ग्रॅम. बाकी तसेच ठेवून पोटाचा घेर ३१ केला तर २,५९० ग्रॅम. २९ केला तर २,३४५ ग्रॅम. एका सेंटिमीटरला जवळजवळ सव्वाशे ग्रॅम.

हा सेंटिमीटर कुठे हरवतो ते मला रोज दिसते. पोटाचा घेर घ्यायचा तर बाळाच्या पोटाचा आडवा, गोल छेद पडद्यावर यावा लागतो. त्यात जठराचा काळा ठिपका हवा, यकृतात शिरणारी नाळेची शीर आकड्यासारखी वळलेली दिसायला हवी, मणक्याचे तीन ठिपके एका बाजूला हवेत, मूत्रपिंडे दिसता कामा नयेत. प्रोब जरासा तिरका झाला की गोलाचा लंबगोल होतो आणि घेर वाढतो. हात जड पडला की पोट दाबले जाते. बाळाची पाठ वर असेल तर फासळ्यांच्या सावलीत कडाच हरवते आणि कॅलिपर कुठे लावायचा हे अंदाजाने ठरवावे लागते. बाळाने श्वासाची हालचाल केली की चित्र निसटते. मग पुन्हा जेल लावायचे, बाईला कुशीवर वळवायचे, पाच मिनिटे थांबायचे. बाहेर तीस बायका बसलेल्या असतात. अशा वेळी ‘चालेल’ म्हणून गोठवलेली चित्रे माझ्या हातूनही गेली आहेत, आणि त्यांतल्या काही मला अजून डाचतात.

हॅडलॉक यांच्या स्वतःच्या चाचणीतही सूत्राचे प्रमाण विचलन साडेसात टक्क्यांच्या आसपास होते. म्हणजे शंभरातल्या पंचाण्णव बाळांचे खरे वजन अंदाजाच्या पंधरा टक्के अलीकडे-पलीकडे असू शकते. २,४०० ग्रॅमला पंधरा टक्के म्हणजे ३६० ग्रॅम. आणि चौतिसाव्या आठवड्याच्या आसपास बाळ आठवड्याला वाढते सुमारे दोनशे ग्रॅम! तेव्हा ‘मागच्या आठवड्यात २,३०० होते, आता २,३५० आहे, वाढ थांबली’ असे म्हणत रडत येणाऱ्या मुलीला काय सांगायचे? फूटपट्टीवरच्या दोन रेघांमधले अंतर बाळाच्या आठवड्याच्या वाढीपेक्षा मोठे आहे, हेच.

याचा हिशेब १९९८ मध्ये मॅक्स माँजेली आणि सहकाऱ्यांनी मांडला. बत्तिसाव्या आठवड्यापासून नॉर्मल वाढणारी बाळे घेतली आणि दोन सोनोग्राफींत एकच आठवडा ठेवला, तर सुमारे ३१ टक्के बाळांची वाढ खुंटल्याचा खोटा निकाल येतो. दोन आठवडे ठेवले तर १७ टक्के, तीन ठेवले तर ८, चार ठेवले तर ३. म्हणून वाढ पाहण्यासाठी किमान तीन आठवड्यांचे अंतर सांगतात. डॉपलर आणि बाळाभोवतीचे पाणी दोन दिवसांनी पाहावे, रोज पाहावे, ती वेगळी परीक्षा आहे. पण दर आठवड्याला वजनाचा आकडा मागणे म्हणजे काळजी विकत घेणे.

यावर कोणी म्हणेल, आकड्यात चूक असते हे मान्य, पण पर्सेंटाइल आहे ना! दहाच्या खाली गेले की धोका, वर असले की ठीक. ही दहाची रेघ आली कुठून? १९६३ मध्ये लुला लुबचेन्को यांनी डेन्व्हरच्या एका रुग्णालयात जन्मलेल्या बाळांच्या वजनांचा तक्ता केला आणि १९६७ मध्ये फ्रेडरिक बॅटाग्लिया व त्यांनी दहाव्या पर्सेंटाइलखालच्या बाळांना ‘वयाच्या मानाने लहान’ हे नाव दिले. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटर उंचीवर आहे. तिथल्या विरळ हवेत बाळे थोडी हलकी जन्मतात. रेघ सोयीची होती म्हणून रूढ झाली. निसर्गाने ती ओढलेली नाही.

या रेघेत आपल्या तर्कशास्त्राचे दोन्ही लक्षणदोष आहेत. अतिव्याप्ती अशी की शंभर निरोगी बाळे घेतली तरी दहा त्या रेघेखाली असणारच, पर्सेंटाइल या शब्दाचा अर्थच तो. अव्याप्ती त्याहून वाईट. ज्या बाळाने ऐंशीव्या पर्सेंटाइलवर सुरुवात केली आणि वार बिघडल्यामुळे जे पंचविसाव्यावर घसरले, ते या रेघेच्या वर आहे. रिपोर्टात ते नॉर्मल, आणि पोटात ते उपाशी.

केंब्रिजमध्ये ३,९७७ पहिलटकरणींचा एक अभ्यास झाला, २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. सर्वांची शेवटच्या महिन्यांत सोनोग्राफी केली तर लहान बाळांपैकी ५७ टक्के सापडली, गरजेपुरतीच केली तर २० टक्के. सोनोग्राफीच्या बाजूने हा भक्कम पुरावा आहे. पण त्याच अभ्यासात पुढे असे दिसले की लहान ठरलेल्यांपैकी जन्मानंतर खरोखर आजारी पडण्याचा धोका होता तो पोटाच्या घेराची वाढ मंदावलेल्यांना. नुसत्या लहान, पण आपल्या चालीने वाढणाऱ्या बाळांना तो धोका नव्हता. नेदरलँड्समध्ये १३,०४६ कमी जोखमीच्या गरोदर बायकांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये आलेल्या चाचणीने तर विचार करायलाच लावले. सरसकट सोनोग्राफीने लहान बाळे ओळखण्याचे प्रमाण १९ टक्क्यांवरून ३२ वर गेले. पण बाळांचे गंभीर अपाय दोन्ही गटांत जवळजवळ तेवढेच, १.७ आणि १.८ टक्के. लहान बाळ शोधणे आणि अडचणीतले बाळ शोधणे ही दोन वेगळी कामे आहेत.

पोटाचा घेरच का, याचे उत्तर शरीरात आहे. पोटाच्या त्या छेदात बहुतेक जागा यकृताची असते. बाळ आपली साखर तिथे साठवते. वारेतून पुरवठा कमी झाला की आधी ती पुंजी संपते, यकृत लहान राहते, घेर वाढेनासा होतो. डोके मात्र वाढत राहते, कारण बाळ रक्त मेंदूकडे वळवते. तेव्हा सगळ्या मापांची सरासरी काढून ‘एकूण नॉर्मल’ म्हणणे म्हणजे बाळाने पोट मारून वाचवलेल्या डोक्याचे गुण पोटाच्या खात्यावर जमा करणे.

आता ज्या वादात महाराष्ट्राचा जवळून संबंध आहे, त्याकडे येते. तक्ता कोणाचा वापरायचा? हॅडलॉक यांचा १९९१ चा वजनाचा तक्ता ह्यूस्टनच्या ३९२ गर्भारपणांवर उभा आहे, बहुतेक बायका मध्यमवर्गीय गोऱ्या. तो नांदेडच्या, नंदुरबारच्या बाईला लावावा का, हा प्रश्न रास्तच. त्याला ऑक्सफर्डहून चाललेल्या ‘इंटरग्रोथ-२१’ या प्रकल्पाने उत्तर दिले. आठ ठिकाणे निवडली : ब्राझीलमधले पेलोतास, इटलीतले तुरीन, ओमानचे मस्कत, इंग्लंडमधले ऑक्सफर्ड, अमेरिकेतले सिएटल, चीनमधला शुन्यी परगणा, नैरोबीचे पार्कलँड्स आणि आपले नागपूर. खाऊनपिऊन सुखी, निरोगी, विडी-सिगारेट न ओढणाऱ्या बायका घेतल्या, चार हजारांहून अधिक, आणि दर पाच आठवड्यांनी मोजमाप केले. २०१४ मध्ये निष्कर्ष आला : परिस्थिती चांगली असेल तर बाळे सगळीकडे सारखीच वाढतात. एकूण फरकांपैकी ठिकाणामुळे पडणारा फरक जेमतेम १.९ ते ३.५ टक्के.

नागपूरच्या बायांची बाळे जगाचे माप ठरवण्यात सहभागी आहेत, याचा मला अभिमान आहे. माणसाचे बाळ वंशाने खुजे नसते, त्याला भूक खुजे करते, हा या प्रकल्पामागचा विचार मला मनापासून पटतो. पण ‘म्हणून हा तक्ता लावला की प्रश्न मिटला’ हे मत पटत नाही. ते १.९ ते ३.५ टक्के कशाचे होते? पहिल्या तिमाहीतल्या लांबीचे, गर्भाच्या डोक्याच्या घेराचे आणि जन्मलेल्या बाळाच्या लांबीचे. हाडाची आणि डोक्याची मापे. पोटाचा घेर आणि वजन त्या हिशेबात नव्हते, आणि नागपूरच्या बाळांची वजने इतरांपेक्षा कमीच भरली होती. शिवाय निवडीच्या निकषांत आईची उंची किमान १५३ सेंटिमीटर होती. भारतातल्या बायकांची सरासरी उंची साधारण १५२ आहे. आपल्या निम्म्याहून अधिक आया त्या दारातूनच परत गेल्या असत्या. जागतिक आरोग्य संघटनेने १० देशांतल्या १,३८७ बायकांवरून २०१७ मध्ये आपला तक्ता काढला, तेव्हा देशादेशांत फरक दिसले, आणि आईचे वय, उंची, वजन, आधीची बाळंतपणे यांचाही परिणाम दिसला.

याच्या नेमके उलट टोक आमच्या व्यवसायात फार आवडते आहे : ‘आपली बाळं लहानच असतात हो, घाबरू नका.’ या वाक्याने जेवढे नुकसान केले तेवढे कोणत्याही तक्त्याने केले नसेल. त्याला उत्तर पुण्याने दिले आहे. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा १९९३ पासून अभ्यास केला. त्यांच्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, तुलनेला घेतलेल्या साउदम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. पण लहानपणा सगळीकडे सारखा नव्हता. सर्वांत मागे होते पोट, त्याखालोखाल दंडाचा घेर, म्हणजे स्नायू. आणि पाठीवरच्या कातडीखालची चरबी जवळजवळ राखलेली. वरून बारीक, आत चरबीदार. पुढे मधुमेहाकडे जाणारी वाट इथूनच सुरू होते, असे त्यांचे म्हणणे. त्याच बाळांच्या गर्भातल्या सोनोग्राफी फ्रान्समधल्या बाळांशी ताडल्या, तेव्हा पोटाचे मागे पडणे अठराव्या आठवड्यापासूनच दिसत होते. मांडीचे हाड त्या मानाने बरे होते.

तेव्हा ‘आपली बाळं लहान’ हे वर्णन म्हणून खरे आहे. निरोगीपणाचा दाखला म्हणून ते खोटे आहे. आईच्या उंची-वजनाप्रमाणे तक्ता बेतून घेण्याची जेसन गार्डोसी यांची पद्धत १९९२ पासून चालत आलेली आहे आणि तिच्यात शहाणपण आहे. ठेंगण्या आईच्या सुदृढ बाळाला ती उगाच आजारी ठरवत नाही. पण आपल्याकडची आई ठेंगणी का आहे, हा प्रश्न ती विचारत नाही. जी मुलगी शेवटच्या पंगतीला उरलेसुरले खाऊन वाढली तिची उंची ‘घटक’ म्हणून सूत्रात घातली, की तिच्या वाट्याची उपासमार तिच्या बाळाच्या तक्त्यात नॉर्मल होऊन बसते.

मग करायचे काय? माझे म्हणणे असे की जगाचा तक्ता समाजाला आरसा म्हणून वापरावा. जिल्ह्यात किती बाळे त्या मापात मागे पडतात हे मोजून अंगणवाडीच्या आहाराचा, लोहाच्या गोळ्यांचा, मुलींच्या लग्नाच्या वयाचा जाब विचारावा. टेबलावर झोपलेल्या एका बाईचा निवाडा मात्र तिच्या बाळाच्या आपल्याच आधीच्या मापांवरून करावा. तक्ता कोणताही घ्या, पण पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच घ्या. मध्येच तक्ता बदलला की बाळ न हलता पर्सेंटाइल हलते. मापे आलेखावर ठिपक्यांनी दाखवा. पोटाच्या घेराचा आलेख वेगळा काढा. रेघ आपल्या जागी समांतर चालली असेल तर ती बाराव्या पर्सेंटाइलवर असली तरी चालेल. ती खाली झुकत असेल तर साठाव्यावर असली तरी डॉपलर करा. रिपोर्टाच्या पहिल्या ओळीत पहिल्या सोनोग्राफीने ठरलेली तारीख असावी आणि ‘या तपासणीनुसार तारीख’ हा रकाना चौदाव्या आठवड्यानंतर कोराच ठेवावा. यंत्राच्या सेटिंगमध्ये तो बंद करता येतो. मी केला आहे, दोन मिनिटे लागतात.

एक गोष्ट आपल्याला करता येणार नाही, आणि ती करूही नये. मुलग्यांचे वजन मुलींपेक्षा सरासरीने थोडे जास्त असते, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने दोघांचे वेगळे तक्तेही दिले आहेत. पण त्यासाठी बाळाचे लिंग पाहावे लागेल, आणि आपल्याकडे १९९४ च्या कायद्याने ते दार बंद आहे; महाराष्ट्रात तर ते त्याच्याही आधी, १९८८ च्या कायद्यानेच बंद झाले होते. थोडी अचूकता गेली तरी चालेल, ते दार बंदच राहिले पाहिजे.

आणि टेप. चोविसाव्या आठवड्यापासून पुढे जघनाच्या हाडापासून गर्भाशयाच्या वरच्या टोकापर्यंतचे सेंटिमीटर साधारण आठवड्यांइतके भरतात. हे माप ढोबळ आहे, जाड बाईत आणि जुळ्यांत फसते, पण तेच हात दर महिन्याला तीच रेघ मोजतात आणि कार्डावर आधीचा आकडा समोर असतो. वाढ पाहण्याची जी मूळ अट, म्हणजे एकच बाळ, एकच माप, पुन्हा पुन्हा, ती पाच रुपयांची टेप पाळते आणि वेगवेगळ्या चार केंद्रांतले चार महागडे रिपोर्ट पाळत नाहीत. त्या मुलीच्या कार्डावर मागच्या महिन्यात २९ लिहिले होते, त्या दिवशी ३१. चार आठवड्यांत दोनच सेंटिमीटर. चार रिपोर्टांनी जे म्हटले नाही ते त्या दोन रेघांनी म्हटले होते.

या लेखातले बाकी सगळे विसरलात तरी चालेल, एवढे करा. घरात कोणी गरोदर असेल तर तिची पहिली सोनोग्राफी बाराव्या आठवड्याच्या आत होऊ द्या आणि तो रिपोर्ट फाइलमध्ये सर्वांत वर लावा. पुढच्या प्रत्येक तपासणीला तो डॉक्टरांच्या समोर ठेवा आणि विचारा : “या तारखेप्रमाणे बाळ आज कुठे असायला हवं होतं, आणि मागच्या वेळेपासून किती पुढे आलं?”